'क्वांटम ऑफ सोलेस' डोक्यावरून का जातो?

मागच्या रविवारी मामेभाऊ घरी आला होता, डॅनियल क्रेगचे बॉन्डपट ओळीने बघायचे असं ठरवून आलेला. त्या रात्री 'कसिनो रोयाल' झाला, तो बघून गडी एकदम खूश, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर आम्ही 'क्वांटम ऑफ सोलेस' लावला. वीसेक मिनिटं झाली असतील, हैतीतल्या एका हॉटेलच्या खोलीत बॉन्डची एका माणसाशी चाकूने झटापट चाललेली, तेवढ्यात भावाने पॉज केलं आणि विचारलं, "दादा, हा ज्याला मारतोय तो कोण आहे?" मी हा सिनेमा निदान पाच वेळा बघितलाय. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मलाच धड सांगता येईना.

उत्तर आहे बरं का, सिनेमातच आहे. आधीच्या सिनेमातला व्हिलन ल शिफ्र, त्याच्या काळ्या पैशात ब्रिटिश गुप्तहेर खात्याने खुणा केलेल्या नोटा घुसवलेल्या असतात. बॉन्डची बॉस एम, तिचा बॉडीगार्ड फितूर निघतो, त्याच्याकडे त्यातल्या नोटा सापडतात, त्याच नोटा हैतीतल्या एका खात्यात जमा झालेल्या दिसतात, ते खातं स्लेट नावाच्या माणसाचं, आणि खोलीत मरतोय तो हा स्लेट. त्याला कमील नावाच्या मुलीचा खून करायची सुपारी मिळालेली असते, पण हे बॉन्डला तो मेल्यावर, त्याची ब्रीफकेस उघडल्यावर कळतं. बॉन्ड ती ब्रीफकेस घेऊन बाहेर पडतो, समोर गाडी थांबते, आतली मुलगी म्हणते बस आणि ती मुलगीच कमील! एवढा सगळा मामला दोन-तीन मिनिटांत उरकलाय, त्यातला निम्मा एका टचस्क्रीन टेबलाभोवती भराभर बोलून, त्यामुळे पाण्याचा ग्लास उचलायला मान वळवली की तुमचा धागा सुटलाच म्हणून समजा.

म्हणजे गोष्ट नीट रचलेली आहे, सांगितली मात्र गाडी सुटायच्या घाईत. लोक म्हणतात स्टोरीच नाही, मला ते पटत नाही. उलट क्रेगच्या पाचही सिनेमांत व्हिलनचा सगळ्यात खराखुरा डाव याच सिनेमात आहे असं माझं मत आहे, तो दिसत नाही एवढंच. का दिसत नाही हे समजायला आधी एका संपाची गोष्ट सांगावी लागेल.

हॉलिवुडच्या लेखकांची युनियन आहे, रायटर्स गिल्ड. 5 नोव्हेंबर 2007 ला ही मंडळी संपावर गेली, इंटरनेटवर सिनेमे-मालिका दाखवून जो पैसा येणार त्यात आमचा वाटा काय, हा मुख्य मुद्दा, आणि संप मिटला 12 फेब्रुवारी 2008 ला. संपाच्या काळात सभासदाने लिहायचं नाही म्हणजे काहीच लिहायचं नाही, सेटवर उभं राहून एक डायलॉग बदलून देणंसुद्धा नाही. या सिनेमाचे लेखक पॉल हॅगिस, नील पर्व्हिस आणि रॉबर्ट वेड, त्यातल्या हॅगिसने संप सुरू व्हायच्या अगदी तोंडावर आपला मसुदा देऊन टाकला. शूटिंग मात्र जानेवारी 2008 मध्ये सुरू.

आता कोणी म्हणेल मसुदा तर मिळाला ना, मग अडलं कुठे? अडतं असं की एवढ्या मोठ्या सिनेमाची स्क्रिप्ट शूटिंग सुरू होताना सहसा पूर्ण नसते. लोकेशन बघितल्यावर सीन बदलतो, नटाच्या तोंडात वाक्य बसत नाही, दोन सीनमधला दुवा तुटलाय हे सेटवर लक्षात येतं, मग लेखक रात्री बसून पानं बदलतो आणि सकाळी नवीन पानं हातात पडतात. इथे संप मिटेपर्यंत तो माणूसच नव्हता. लग्नाचा हॉल बुक, पत्रिका वाटून झाल्या, पाहुणे स्टेशनवर उतरले आणि आचारी भाजी चिरून ठेवून संपावर गेला, मग नवरदेव आणि त्याचा काका मिळून फोडणी देतायत, असा प्रकार. क्रेगने पुढे मुलाखतीत कबूलही केलं की तो आणि दिग्दर्शक मार्क फोर्स्टर बसून सीन लिहायचे आणि आपण काही लेखक नाही. तारीख पुढे ढकलावी तर ते सोपं नव्हतं, ब्रिटनमध्ये सिनेमा ऑक्टोबर 2008 अखेरीला लागायचा होता, आणि सिएनाच्या प्रसिद्ध घोड्यांच्या शर्यतीचं चित्रण तर ऑगस्ट 2007 मध्येच करून ठेवलेलं. ती शर्यत वर्षातून दोनदाच होते, 2 जुलै आणि 16 ऑगस्ट, तुमच्यासाठी कोण परत घोडे पळवणार?

लिखाण असं अर्धंकच्चं, त्यावर एडिटिंगची कात्री. 'कसिनो रोयाल' 144 मिनिटांचा आणि हा 106, तोवरच्या सगळ्या बॉन्डपटांत सगळ्यात छोटा. छोटा असण्यात वाईट काहीच नाही पण छोटा कुठून झाला ते बघा, मारामाऱ्या जिथल्या तिथे आणि माणसं श्वास घेतात, काही बोलतात, विचार करतात ते सगळं कापलेलं.

आणि मारामाऱ्या तरी कळाव्यात ना! ॲक्शन सीनचा एक साधा नियम असतो, बघणाऱ्याला जागा समजली पाहिजे. कोण कुठे आहे, कोण कोणाच्या मागे आहे, दरी कुठल्या बाजूला आहे. क्रिकेटची मॅच टीव्हीवर बघताना आधी पूर्ण मैदान दाखवतात, फिल्डर कुठे उभेत ते दिसतं, मग बॉलर धावतो, मग बॅट. समजा कोणी मैदान दाखवलंच नाही, नुसता बूट, हेल्मेट, स्टंप, ओरडणारं पब्लिक, परत बूट असं अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला दाखवत राहिलं तर सिक्स गेली की विकेट गेली ते तुम्हाला आवाजावरून ओळखावं लागेल. या सिनेमाची पहिली चार मिनिटं अगदी तशी आहेत. इटलीतल्या गार्डा तलावाकाठचा घाटरस्ता, बॉन्डची गाडी गडद रंगाची ॲस्टन मार्टिन, मागे लागलेल्या आल्फा रोमिओ काळ्या, बोगदा अंधारा, आणि कॅमेरा एकेका गोष्टीवर पापणी लवायच्या आत सरकतोय. कुठली गाडी दरीत गेली ते बघायला मी एकदा फ्रेम-फ्रेम पुढे नेऊन बघितलंय, हो, एवढा रिकामटेकडा आहे मी.

त्याहून मोठा नमुना म्हणजे हैतीतली बोटींची मारामारी. बॉन्ड कमीलला घेऊन लाकडी बोटीतून पळतोय, मागे गुंड रबरी बोटीत, बॉन्ड एक हुक उचलून त्यांच्या बोटीवर फेकतो आणि पुढच्या क्षणी रबरी बोट उताणी! हुक कशात अडकला, दोरी कुठे ताणली गेली, काही म्हणजे काही दिसत नाही. भाऊ म्हणाला परत लाव, परत लावलं, मग स्लो करून लावलं, शेवटी म्हणाला "जाऊदे, बॉन्ड आहे."

ही स्टाइल आली कुठून तर त्या काळी जेसन बोर्नच्या सिनेमांची हवा होती, हलता कॅमेरा, झपाझप कट, सगळे तसंच करायला लागले होते. इथे तर सेकंड युनिटचा, म्हणजे मारामाऱ्या-स्टंट चित्रित करणाऱ्या वेगळ्या टीमचा दिग्दर्शक डॅन ब्रॅडली आणि दोन एडिटरांपैकी एक, रिचर्ड पियर्सन, हे दोघं बोर्नच्याच सिनेमांवर काम करून आलेले. फोर्स्टर स्वतः ॲक्शनवाला नव्हे, नाट्यमय सिनेमे करणारा माणूस, त्यामुळे तो भाग त्याने ज्यांना जमतं त्यांच्यावर सोपवला असेल. त्याच्या डोक्यात एक कल्पना मात्र छान होती, मोठे ॲक्शन सीन पृथ्वी, पाणी, हवा आणि अग्नी या चार तत्त्वांवर बांधायचे. म्हणून बोट आहे, विमान आहे, शेवटी पेटलेलं हॉटेल आहे. आपल्याकडे पाच महाभूतं, त्यांच्याकडे चार, पण हेही मला वाचून कळलं, बघून नाही कळलं, आणि तीच तर रड आहे.

एवढं सगळं म्हटल्यावर ऑपेराच्या सीनबद्दल बोलायलाच पाहिजे, कारण त्या दहाएक मिनिटांत हाच दिग्दर्शक, हीच कात्री असं काही करून जाते की पूर्ण मालिकेत तोड नाही.

जागा ऑस्ट्रियातलं ब्रेगेंझ. तिथे तलावाच्या पाण्यातच उभारलेला रंगमंच आहे, लोक काठावर बसून बघतात. चालू आहे पुच्चिनीचा 'टोस्का', स्टेजवर एक अवाढव्य निळा डोळा, इमारतीएवढा. व्हिलनच्या गुप्त टोळीतल्या काही खास पाहुण्यांना दारात भेटवस्तूची पिशवी मिळते, आत कानात घालायचं यंत्र. हे पाहुणे वेगवेगळ्या ठिकाणी बसतात, एकमेकांकडे बघतही नाहीत, आणि ऑपेरा चालू असताना कानातल्या यंत्रावरून गुप्त मीटिंग घेतात. बॉन्ड एकाला टॉयलेटमध्ये गाठून त्याची पिशवी हिसकावतो, वरती जाऊन ऐकत बसतो. आता यांना ओळखायचं कसं, हजारो माणसं बसलेली? तर बॉन्ड मध्येच माइकवर बोलतो की जरा माझं मत ऐका, तुम्ही लोकांनी भेटायला दुसरी बरी जागा शोधावी. झालं! एकेक जण दचकून उठतो आणि बाहेरची वाट धरतो, जो उठला तो आपसूक उघडा पडला, बॉन्ड वरून फोटो काढतोय. एकही गोळी न झाडता पूर्ण टोळी उजेडात. आणि मिस्टर व्हाइट नावाचं जुनं खोड तेवढं जागचं हलत नाही, शेजारच्या बाईला म्हणतं टोस्का सगळ्यांनाच झेपत नाही. मुरलेला माणूस तो.

त्याच्या पुढे गोळीबार होतो तो जवळजवळ मुका, बंदुकांचे आवाज काढून टाकलेत, फक्त ऑपेराचं संगीत, आणि स्टेजवरचं मरण आणि मागच्या किचनमधलं मरण आलटून पालटून. 'टोस्का' ही जुलमी पोलीसप्रमुखाची आणि त्याला भोसकणाऱ्या बाईची गोष्ट आहे, म्हणजे सूड हाच विषय, आणि आधीच्या सिनेमात प्रेयसी व्हेस्पर गेल्यापासून बॉन्डही सूडानेच पेटलेला. इथेही कट भरपूर आहेत बघा, पण आधी जागा नीट दाखवलीय, माणसं नीट दाखवलीत, म्हणून एकही कट खुपत नाही.

आता डावाकडे येऊ. व्हिलनचं नाव डॉमिनिक ग्रीन, मॅथ्यू अमाल्रिकने केलाय, पर्यावरणवादी उद्योगपती, झाडं वाचवा जमीन वाचवा म्हणत पार्ट्यांमध्ये देणग्या गोळा करणारा. तो बोलिव्हियातल्या पदच्युत जनरलला सांगतो, मी तुला सत्तेवर बसवतो, बदल्यात वाळवंटाचा हा ओसाड तुकडा मला दे. ओसाड तुकडा कोणाला हवा असतो? म्हणजे खाली तेल असणार, असं अमेरिकन गुप्तहेर खातं गृहीत धरतं आणि आपला वाटा मिळणार म्हणून सत्तापालटाकडे काणाडोळा करायला तयार होतं, ब्रिटिश मंत्रीसुद्धा एमला समजावतो की दुष्ट माणसांशी व्यवहार करायचे नाहीत म्हटलं तर व्यापार करायचा कोणाशी. आणि जमिनीखाली तेल नसतंच. ग्रीनने भूमिगत पाणी बंधारे घालून अडवलेलं असतं. वर गावोगावच्या टाक्या कोरड्या पडतात, एका सीनमध्ये बॉन्ड आणि कमील वाळवंटातून चालत येतात तेव्हा गावकरी टाकीच्या नळाखाली भांडी घेऊन उभे आहेत आणि नळाला थेंब-थेंब पाणी. मग जनरल सत्तेवर आला की ग्रीन त्याच्यापुढे कागद सरकवतो, आता देशाला पाणी माझी कंपनी पुरवणार, दर आधीच्या दुप्पट, सही कर.

जगावर राज्य नाही, लेझर नाही, अणुबॉम्ब नाही, फक्त एक कंत्राट. तेव्हा लोक म्हणाले हा काय व्हिलन, पाण्याचं बिल वाढवणारा! पण उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेल्या माणसाला यात हसण्यासारखं काय आहे सांगा.

बरं, हे हवेतून आलेलं नाही. बोलिव्हियात कोचाबांबा नावाचं शहर आहे, तिथली पाणीपुरवठा व्यवस्था 1999 मध्ये एका खासगी कंपनीला दिली गेली, जागतिक बँकेचा खासगीकरणासाठी रेटा होता, आणि कंपनीत मोठा हिस्सा बेक्टेल या अमेरिकन कंपनीशी जोडलेला. करार चाळीस वर्षांचा. जानेवारी 2000 मध्ये नवीन बिलं आली, काहींची थेट दुप्पट. लोक रस्त्यावर उतरले, शहर बंद पडलं, 17 वर्षांचा एक मुलगा गोळी लागून गेला, आणि एप्रिल 2000 मध्ये सरकारला करार रद्द करावा लागला. पुढे कंपनीने आंतरराष्ट्रीय लवादात भरपाईसाठी दावा लावला आणि 2006 मध्ये तो सोडून दिला, प्रतीकात्मक दोन बोलिव्हियानो घेऊन. दोन! सिनेमातला आकडाही दुप्पटचाच आहे, हे उगाच नसावं.

विज्ञान मात्र लंगडं आहे. जमिनीखालचं पाणी म्हणजे गुहेतून वाहणारी नदी नसते बहुतेक ठिकाणी, ते वाळूच्या, मुरमाच्या, खडकाच्या फटींत मुरलेलं असतं. आपल्याकडेही भूमिगत बंधारे बांधतात, नाल्याच्या वाळूखाली आडवी भिंत घालून पाणी धरून ठेवायचं म्हणजे वरच्या विहिरींना उतरतं, पण त्यात कोणी पॅराशूटने पडून आत सरोवर बघेल अशी सोय नसते. बॉन्ड मात्र विमानातून उडी मारून थेट एका विवरात पडतो आणि समोर धरण! भूगोलाच्या सरांसोबत हा सीन बघू नका. मला त्याहून खुपतं ते हे की पाण्याचा उलगडा होतो तोच या विवरात, तास उलटून गेल्यावर, आणि दोन वाक्यांत. ग्रीन पाणी चोरतोय हे आम्हाला आधी कळलं असतं तर तो पार्टीत पर्यावरणावर भाषण झोडतो तेव्हा अंगावर काटा आला असता, आता नुसतं वाटतं की हा पांढऱ्या शर्टातला बुटका कोण.

वाळवंटाचा भाग शूट झाला चिलीत, अटाकामामध्ये, आणि तिथे एक भन्नाट प्रकार घडला. सिएरा गोर्डा या गावाचा महापौर चिडून गाडी घेऊन सेटवरच घुसला. कारण काय, तर चिलीची जमीन बोलिव्हिया म्हणून दाखवताय! आपल्याला हसू येतं पण तो सगळा अँटोफगास्टाचा पट्टा एके काळी बोलिव्हियाचाच होता, 1879 ला सुरू झालेल्या युद्धात चिलीने तो घेतला आणि बोलिव्हियाचा समुद्र कायमचा गेला. जखम दोन्हीकडे अजून ओली आहे, आणि लोकेशन मॅनेजरला फक्त वाळू दिसली. शेवटचं ते पेटणारं हॉटेल म्हणजे खरं तर पारानाल वेधशाळेतल्या खगोलशास्त्रज्ञांची राहायची इमारत आहे, जमिनीत अर्धी गाडलेली, म्हणजे रात्री तिचा उजेड दुर्बिणींना त्रास देऊ नये. जाळपोळ अर्थात तिथे नाही केली.

माणसांचं म्हणाल तर ओल्गा क्युरिलेन्कोची कमील मला फार आवडते. लहानपणी जनरलने तिच्या घरच्यांना मारून घर पेटवलेलं, पाठीवर भाजल्याची खूण, आणि शेवटी ती परत आगीतच अडकते आणि थिजते, तिथे बॉन्ड तिला नुसता धरून बसतो. दोघांमध्ये एका चुंबनापलीकडे काही होत नाही, बॉन्डच्या सिनेमात ही मोठीच गोष्ट. ब्रिटिश खात्यातल्या फील्ड्सला, म्हणजे जेम्मा आर्टर्टनला मात्र वाया घालवलंय, येते आणि मरते. क्रेग पूर्ण सिनेमाभर चेहरा घट्ट मिटून असतो, लोक त्याला मख्ख म्हणाले, पण विमानातला सीन आठवा. बॉन्ड एकामागून एक ग्लास रिचवतोय, झोप येत नाहीये, त्याचा जुना साथीदार मॅथिस विचारतो काय पितोयस, तर म्हणतो मला माहीत नाही, आणि बारटेंडर रेसिपी सांगतो. आधीचा सिनेमा बघितलेल्याला कळतं, ही तीच कॉकटेल जिला त्याने व्हेस्परचं नाव दिलं होतं. त्याला ते नाव तोंडातून काढता येत नाहीये. क्रेगने याहून चांगला अभिनय कुठे केलाय सांगा मला.

नावाचंही त्यातच आलं. इयान फ्लेमिंगच्या 1960 च्या कथासंग्रहात या नावाची गोष्ट आहे, त्यात हेरगिरी औषधालाही नाही, जेवण झाल्यावर एक गव्हर्नर बॉन्डला एका मोडक्या संसाराची हकीकत सांगतो. दोन माणसांत निदान एवढा तरी दिलासा, एवढी तरी माया शिल्लक हवी, ती शून्यावर आली की नातं संपलं, असा त्या शब्दांचा अर्थ. सिनेमात क्वांटम हे टोळीचं नाव करून टाकलं. आणि ती टोळी पुढे गेली कुठे, असं भावाने विचारलं. तर जुन्या सिनेमांतल्या स्पेक्टर या संघटनेच्या हक्कांवरून अनेक वर्षं कोर्टकज्जे चालू होते, म्हणून हे नवीन नाव काढावं लागलं, 2013 मध्ये वाद मिटला, आणि 2015 च्या सिनेमात क्वांटम ही स्पेक्टरचीच शाखा होती असं सांगून विषय गुंडाळला.

दोन्ही सिनेमे एकाच दिवशी, सलग, सबटायटल लावून बघा असं मी त्याला सांगितलं. एका सलग गोष्टीचा हा शेवटचा तुकडा आहे, तो सुरूच होतो आधीच्या सिनेमानंतर साधारण तासाभराने.

आणि तेलाकडे लक्ष ठेवा. फील्ड्सला मारतात ती तेलात बुडवून, पलंगावर काळी निथळत टाकलेली, 'गोल्डफिंगर' या जुन्या बॉन्डपटातल्या सोनेरी प्रेताची आठवण करून द्यायला असं सगळे म्हणतात, पण बॉन्ड तिथेच एमला सांगतो की ही दिशाभूल आहे, सगळ्यांनी तेल-तेल करत बसावं म्हणून. शेवटी ग्रीन त्याच्या हातात सापडतो तेव्हा बॉन्ड त्याला मारत नाही, वाळवंटाच्या मध्यभागी नेऊन सोडतो, इंजिन ऑइलचा एक डबा पुढ्यात टाकतो आणि म्हणतो वीस मैलांत तू हे प्यायचा विचार करशील. पूर्ण देशाचं पाणी लपवलेल्या माणसाला तेल! पुढे त्याचं प्रेत सापडतं, डोक्यात गोळ्या, आणि पोटात इंजिन ऑइल. मात्र हे आपल्याला दाखवतच नाहीत, एम रशियातल्या कझानच्या बर्फात उभी राहून जाता जाता एका वाक्यात बोलते, आणि नेमकं त्याच वेळी भाऊ चहा गरम करायला किचनमध्ये गेलेला.